कोविडमध्ये आशियातले शेजारी देश एकमेकांशी कसे वागले, आणि पुढच्या साथीत कसे वागतील?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझं काम औषधांच्या निर्यातीच्या कागदपत्रांचं, इथंच पुण्यात. त्यामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं शेजारी देशांतले फोन, ईमेल आणि रोज बदलणारे नियम यांतच गेली. आता तो काळ कोणी आठवतही नाही, आठवला तर मास्क आणि थाळ्यांपुरता. पण साथीनं आपल्या आजूबाजूच्या देशांशी असलेल्या संबंधांचं काय केलं, याचा हिशोब कुठे नीट मांडलेला मला तरी दिसला नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साथ आली की प्रत्येक देश सीमा बंद करणार आणि आधी आपल्या माणसांचं बघणार. त्यात मला गैर वाटत नाही. गाडं अडतं ते दिलेला शब्द अर्ध्यावर सोडला आणि पुढे काय होणार हे समोरच्याला कळूच दिलं नाही की.

सुरुवात बरी झाली होती. सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना. तिची शेवटची शिखर परिषद २०१४ ची, काठमांडूची. २०१६ ला इस्लामाबादला व्हायची होती ती उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली. त्यानंतर थेट १५ मार्च २०२० ला आठही देश एका पडद्यावर दिसले. सात देशांचे प्रमुख होते, पाकिस्तानकडून आरोग्य खात्याचे विशेष सहायक झफर मिर्झा. भारतानं १ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. श्रीलंकेनं ५० लाख, बांगलादेशनं १५ लाख, नेपाळ आणि अफगाणिस्ताननं प्रत्येकी १० लाख, मालदीवनं २ लाख आणि भूताननं १ लाख डॉलर. ऐपतीप्रमाणे सगळ्यांनी दिलं. पाकिस्ताननं नंतर ३० लाख देऊ केले, पण निधी सार्कच्या सचिवालयानं चालवावा या अटीवर. त्या पहिल्याच बैठकीत मिर्झांनी काश्मीरचा विषय काढला. ८ एप्रिलला व्यापार अधिकाऱ्यांची बैठक झाली तिला पाकिस्तान आलाच नाही. पुढे तो निधी म्हणजे ज्यानं त्यानं आपापले पैसे आपापल्या मर्जीनं खर्च करायचे असाच राहिला. एक गंगाजळी आणि तिचे एक नियम असं काही उभं राहिलं नाही.

मग लस. १२ जानेवारी २०२१ ला पहाटे मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्ड लशीच्या थंड पेट्यांचे तीन ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. ते देशातल्या वाटपासाठी होते. पण त्यानंतर आठच दिवसांत, २० जानेवारीला, भूतानला दीड लाख आणि मालदीवला १ लाख डोस गेले. दुसऱ्या दिवशी बांगलादेशला २० लाख, नेपाळला १० लाख. हे सगळं भेट म्हणून. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा वेग किती अवघड असतो ते कळतं. एरवी परवानगीचा एक कागद फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथं माल ढाक्याला उतरला होता.

आणि मार्च संपता संपता आपली निर्यात थांबली. बांगलादेशनं तिथल्या बेक्सिमको या औषध कंपनीमार्फत सीरमशी ३ कोटी डोसचा करार केला होता, महिन्याला ५० लाख. आगाऊ पैसेही भरले होते. जानेवारीत ५० लाख आले, फेब्रुवारीत २० लाख, पुढे काहीच नाही. २६ एप्रिलला त्यांना पहिला डोस देणं बंद करावं लागलं. नेपाळनं २० लाख विकत घेतले होते, पोचले १० लाख. २७ एप्रिलला चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पाकिस्तान, अफगाणिस्तान, नेपाळ, श्रीलंका आणि बांगलादेश अशा पाच देशांची बैठक घेतली, आणि १२ मे रोजी सिनोफार्म या चिनी लशीचे ५ लाख डोस ढाक्यात उतरले.

आपली निर्यात पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. तोवर शेजाऱ्यांनी दुसरी दारं शोधली होती.

तुम्हाला काय वाटतं? आपण चुकलो का? आणि चुकलो तर नेमके कुठे?

---

पेठेतला

धाग्यासाठी धन्यवाद, पण मी साफ असहमत.

एप्रिल २०२१ चं पुणे विसरलात का? जिल्ह्यात देशातली सर्वांत जास्त रुग्णसंख्या होती. माझे वडील ७४ वर्षांचे. त्यांना घेऊन पहाटे केंद्रावर गेलो तर फाटकावर कागद चिकटवलेला: 'आज लस उपलब्ध नाही'. दुसऱ्या दिवशी तेच. लस तयार होते आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि आपण रस्त्यावर उभे. मार्चअखेर साडेसहा कोटींच्या आसपास डोस देशाबाहेर गेले होते. त्यातले थोडे जरी इथं असते तर?

निर्यात थांबवली ते योग्यच झालं. उलट उशीर झाला असं माझं मत आहे. सरकार पहिलं आपल्या नागरिकांना बांधील असतं.

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

पेठेतला, तुमच्या वडिलांबाबत जे झालं त्याचा राग मी समजू शकतो, आमच्याही घरात तेच चाललं होतं. पण 'आपली लस' म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्या. लस ऑक्सफर्डची. कारखाना मोठा करायला जे पैसे लागले त्यातले ३० कोटी डॉलर २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेट्स फाउंडेशन आणि 'गावी' या आंतरराष्ट्रीय लस-संघटनेकडून आले, ते गरीब देशांना ३ डॉलरमध्ये डोस मिळावेत या बोलीवर. बांगलादेशचे पैसे आगाऊ आलेले. म्हणजे मांजरीत बाटली भरली जायच्या आधीच तिच्यावर इतरांचा हक्क लागलेला होता.

आणि कच्चा माल? एप्रिलमध्ये सीरमचे अदर पूनावाला अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीरपणे विनवत होते की आमच्या कच्च्या मालावरची बंदी उठवा. अमेरिकेनं आपल्याशी जे केलं तेच आपण ढाक्याशी केलं. आपल्याला ते लागलं, मग त्यांना लागणार नाही का?

थांबवू नका असं मी म्हणत नाही. फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं की आमच्याकडे आकडे वाढताहेत, पुढचे तीन महिने निम्मेच देऊ, दुसऱ्या डोसपुरते राखून ठेवा. तेवढं कळलं असतं तर त्यांनी पहिले डोस जपून दिले असते.

---

रानजाई

दुसऱ्या डोसचा मुद्दा अगदी बरोबर. तो माझ्या डोळ्यांसमोर घडला म्हणून लिहिते.

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. त्यांना सगळे दाई म्हणतात. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा ते इथंच अडकले. मे महिन्यात कसेबसे बसनं बनबासापर्यंत गेले, तिथून पुलापलीकडे गड्डाचौकी. तिथं नाव नोंदवायला दोन दिवस उघड्यावर बसून होते, मग गावच्या शाळेत क्वारंटाइन. तरी ते म्हणतात आमचं बरं झालं. मार्चअखेर धारचुल्याला महाकाली नदीच्या काठी त्यांचेच शेकडो लोक अडकले होते. पलीकडे आपलं गाव दिसतंय आणि झुलता पूल बंद. काहींनी नदीत उड्या टाकल्या आणि पोहून गेले. दोन्ही सरकारांनी एकापाठोपाठ दार लावलं आणि मध्ये अडकलेल्या माणसांचं काय करायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं.

मग त्यांच्या आईची गोष्ट. नेपाळनं मार्च २०२१ मध्ये ६५ वर्षांवरच्यांना कोव्हिशील्ड द्यायला सुरुवात केली. आईला पहिला डोस मिळाला. दाई तोवर परत कामावर आले होते. दर रविवारी गावी फोन व्हायचा आणि मला विचारायचे, "म्याडम, पुण्यातून लस कधी निघणार?" त्यांना वाटायचं मी पुण्याची, मला माहीत असेल. चौदा लाखांच्या आसपास म्हातारी माणसं दुसऱ्या डोससाठी तिकडे अशी ताटकळत होती. शेवटी ऑगस्टमध्ये जपाननं दिलेले डोस पोचले, १६ लाख. आणि भूताननं आपल्याकडचे २ लाख ३० हजार उसने दिले. भूताननं!

ज्या माणसानं पाच वर्षं आमच्या गाड्या, पोरं, दूधवाले सांभाळले त्याला मी काय उत्तर देणार होते?

---

निळी_छत्री

रानजाई +१. वाचून गलबलून आलं.

---

पेठेतला

रानजाई, दाईंच्या आईबद्दल वाईट वाटलंच. पण त्याआधी वर्षभर नेपाळ सरकार काय करत होतं तेही आठवा. मे २०२० मध्ये सीमेवरच्या वादग्रस्त लिपुलेखचा रस्ता आपण केला, त्यांनी लगेच तो भाग नेपाळमध्ये दाखवणारा नवा नकाशा काढला. त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ओली संसदेत म्हणाले की भारतातून येणारा विषाणू जास्त घातक आहे. संबंध एकाच बाजूनं जपायचे असतात का?

---

रानजाई

नाही. पण ओलींच्या भाषणाची शिक्षा अछामच्या म्हातारीला कशाला?

---

चांगी_ते_चाकण

मी गेली बरीच वर्षं सिंगापुरात आहे, मूळचा चाकणचा. इकडची बाजू सांगतो, कारण इथंही सगळं गोड नव्हतं.

१६ मार्च २०२० च्या रात्री मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की १८ तारखेपासून सीमा बंद. मलेशियातल्या जोहोर बाहरूहून रोज सुमारे ३ लाख माणसं पुलावरून सिंगापूरला ये-जा करतात. माझ्या टीममधली दोघं तिकडे राहायची. १७ तारखेला संध्याकाळी पुलावर जी झुंबड उडाली ती मी जन्मात विसरणार नाही. लोक पाठीवर एक बॅग घेऊन चालत येत होते, सिंगापुरात राहिलो तर नोकरी राहील म्हणून. काही जण क्रांजी स्टेशनजवळ जमिनीवरच झोपले. एक सहकारी आमच्या हॉलमध्ये राहिली.

पण पुढचं महत्त्वाचं. लगेचच सिंगापूर सरकारनं कंपन्यांना एका कामगारामागे रात्रीचे ५० डॉलर द्यायचं जाहीर केलं, चौदा रात्रींसाठी, म्हणजे त्यांना कुठेतरी छप्पर मिळेल. दोन्ही देशांचे मंत्री सतत बोलत राहिले. ऑगस्ट २०२० पासून ठरावीक कामगारांसाठी वाट उघडली, अट अशी की निदान तीन महिने इकडेच राहून काम करायचं, मग घरी जायचं. पुरी सीमा उघडायला १ एप्रिल २०२२ उजाडला. दोन वर्षं बायको-मुलं पुलापलीकडे दिसतील इतक्या अंतरावर आणि भेट नाही, अशी माणसं मला माहीत आहेत. त्रास भरपूर झाला. पण उद्याचा नियम काय हे लोकांना कळत होतं.

आसियान म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची संघटना. तिची १४ एप्रिल २०२० ला कोविडवर खास परिषद झाली, व्हिएतनामच्या अध्यक्षतेखाली, आणि त्याच दिवशी चीन, जपान, दक्षिण कोरियाबरोबर दुसरी. हे एवढ्या चटकन जमलं कारण त्यांनी हे आधी केलं होतं. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा एप्रिलअखेर आसियानचे आणि चीनचे नेते बँकॉकला एकत्र बसले होते. साथ आली की कोणाला फोन करायचा ते त्यांना माहीत होतं. सार्कचं असं कुठलं वळण पडलेलंच नव्हतं.

अर्थात आसियानचंही कौतुक बेतानंच करावं. त्याच मार्चमध्ये व्हिएतनामनं तांदळाची निर्यात थांबवली आणि फिलिपिन्ससारख्या देशांच्या तोंडचं पाणी पळालं. साथरोगांसाठी प्रादेशिक केंद्र काढायचं नोव्हेंबर २०२० मध्ये ठरलं, जपाननं पैसेही दिले, आणि ते बसवायचं कुठे यावर इंडोनेशिया, थायलंड आणि व्हिएतनाम यांचं घोडं दीडेक वर्ष अडलं. शेवटी तिघांत वाटून टाकलं.

---

सिंहगड_पायथा

मी पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

लशीवर सगळे बोलतात, पण आमच्यासारख्यांची गोष्ट कोणी बोलत नाही. माझा मुलगा चीनमध्ये एमबीबीएसला होता, दुसऱ्या वर्षाला. जानेवारी २०२० मध्ये सुट्टीला घरी आला. पुस्तकं, स्टेथोस्कोप, हिवाळ्याचे कपडे, सगळं हॉस्टेलच्या खोलीत राहिलं. त्याला परत जाता आलंच नाही. अडीच वर्षं मोबाइलवर शरीरशास्त्र शिकला. पहाटे साडेपाचला तास सुरू व्हायचा, कारण तिकडची वेळ अडीच तास पुढे. शवविच्छेदन पडद्यावर बघून कोणी डॉक्टर होतं का?

असे २३ हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते. गलवान झालं, विमानं बंद, व्हिसा बंद. आम्ही पालक दिल्लीला निवेदनं देत होतो. पाकिस्तानच्या काही मुलांना २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या आधी आत घेतलं, तेव्हा आम्हाला फार लागलं. आपल्या मुलांचे व्हिसा सुरू झाले ऑगस्ट २०२२ मध्ये. इकडे वैद्यकीय आयोग म्हणत होता की ऑनलाइन शिक्षण चालणार नाही. सवलत दिली ती शेवटच्या वर्षाच्या मुलांना. मधल्या वर्षांतली मुलं ना इकडची ना तिकडची.

आणि त्याच मुलांच्या बाबतीत साथीच्या सुरुवातीला काय झालं होतं ते बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानहून एअर इंडियाची दोन विमानं ६४७ भारतीयांना घेऊन आली, त्यात मालदीवचे ७ जण होते. महिनाअखेरीला हवाई दलाचं विमान वुहानला १५ टन औषध-सामान देऊन आलं आणि येताना बांगलादेशच्या २३ जणांना घेऊन आलं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

---

जुना_नकाशा

सिंहगड_पायथा ताई, जरूर लिहीत राहा.

थोडं अवांतर वाटेल, पण आपल्या पुण्याचा संबंध आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा युरोपातले देश हादरले. मुंबईहून येणारी जहाजं आणि माल अडवायची भाषा सुरू झाली, हज यात्रेकरूंना जाऊ देऊ नका असा दबाव आला, आणि १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ब्रिटिश सरकारला व्यापार बुडायची धास्ती. म्हणून फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईनं साथरोग कायदा केला. आमच्या हाती सगळं आहे हे जगाला दाखवायचं होतं. त्या धास्तीचा वरवंटा फिरला तो पुण्याच्या पेठांतून. घरात शिरून झडत्या, बायकामाणसांची तपासणी, सामानाची जाळपोळ. पुढे रँड आणि २२ जून १८९७ हे आपण शाळेत शिकलो, पण शाळेत व्हेनिस येत नाही.

सांगायचा मुद्दा असा की साथीत देशाबाहेरचा दबाव शेवटी देशातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या दारात येऊन पोचतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं पहिल्यांदा हातात घेतला तो हाच १८९७ चा कायदा. सव्वाशे वर्षांत आपल्याला दुसरा करता आला नाही.

---

डॉ. केवडा

मी हडपसर भागात प्रॅक्टिस करते. पेठेतला यांचा आणि धागाकर्त्यांचा दोघांचाही एप्रिल मला आठवतो, मी तो वॉर्डात काढला.

तेव्हा आपल्याला कोणी काय दिलं, हे इथं यायला हवं. भूताननं समद्रुप जोंगखारजवळच्या मोटंगाच्या नव्या कारखान्यातून आसामला रोज ४० टन ऑक्सिजन द्यायचं जाहीर केलं. साडेसात-आठ लाख वस्तीचा देश. बांगलादेशनं ६ मे रोजी पेट्रापोलच्या सीमानाक्यामार्गे रेमडेसिविरच्या १० हजार कुप्या पाठवल्या. तारीख बघा. त्यांचा पहिला डोस आपल्यामुळे बंद पडून दहा दिवस झाले होते. पाकिस्तानातल्या एधी फाउंडेशननं ५० रुग्णवाहिका आणि माणसं पाठवायची तयारी पत्रानं कळवली. आपण त्या घेतल्या नाहीत, पण ते पत्र मला महत्त्वाचं वाटतं. सिंगापूरहून हवाई दलानं ऑक्सिजनच्या मोकळ्या टाक्या उचलून आणल्या. आपल्या पुण्यातल्या उद्योजकांनी आणि डॉक्टरांनी मिळून 'मिशन वायू' चालवलं, त्यातले कॉन्सन्ट्रेटर सिंगापूरहूनच आले. त्यातलं एक यंत्र आमच्या दवाखान्यात आलं. शेजारच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्याला तीन रात्री त्यावर ठेवलं, कारण खाट मिळत नव्हती. रात्री पाणी बदलायचं, दर तासाला बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, एवढंच हातात होतं. तो वाचला.

म्हणून 'आधी आपलं घर' हे मला वैद्यकीयदृष्ट्याही पटत नाही. विषाणू पेट्रापोलच्या फाटकावर थांबत नाही. बांगलादेशात अर्धवट लसीकरण झालेली लोकसंख्या असणं हे बंगाल आणि आसामला परवडणारं नव्हतं.

---

पिंपरीकर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक बाजू राहिली. आपण देणारे म्हणून बोलतोय. घेणारे म्हणून आपली काय गत होती?

औषधांचा मूळ कच्चा माल सुमारे ७० टक्के चीनमधून येतो. चीनचा हुबेई प्रांत बंद पडल्यावर ३ मार्च २०२० ला आपण औषधांचे मूळ घटक आणि तयार औषधं मिळून २६ गोष्टींची निर्यात रोखली, त्यात साधं पॅरासिटामॉलही होतं. मग मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद, अमेरिकेचा दबाव आल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा खुलं. एप्रिल २०२१ मध्ये ऐन संकटात सिचुआन एअरलाइन्सनं भारताकडची मालवाहू उड्डाणं पंधरा दिवस थांबवली. ऑक्सिजन यंत्रांचे सुटे भाग तिकडून यायचे.

आमच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आहे. १९५४ ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिली, देशाला पेनिसिलिन दिलं. माझे वडील तिथं कामाला होते. कॉलनीतल्या प्रत्येक घराला त्या कारखान्याचा अभिमान. नंतर स्वस्त आयातीपुढे या देशातलं पेनिसिलिनचं मूळ उत्पादनच थांबलं आणि कित्येक वर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नाही. २०२० मध्ये सरकारनं कच्च्या मालाच्या उत्पादनासाठी ६,९४० कोटींची योजना काढली, आता पेनिसिलिनही देशात पुन्हा होऊ लागलं आहे. चांगलं आहे. पण याला मी अलिप्तता म्हणणार नाही. स्वतःकडे काही असेल तरच शेजाऱ्याला देता येतं.

---

पेठेतला

पिंपरीकरांशी पूर्ण सहमत.

डॉक्टर, बांगलादेशच्या रेमडेसिविरची तारीख मला माहीत नव्हती. पण भूतानचं उदाहरण सगळे देताहेत म्हणून विचारतो: भूताननं मार्च २०२० मध्ये आपल्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगचं फाटक लावलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये उघडलं. अडीच वर्षं. भारताच्या बाजूच्या जयगावचा बाजार पार बसला. त्याला सहकार्य म्हणायचं का?

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

मी म्हणेन. भूतानकडे डॉक्टर मोजके, तेव्हाचे पंतप्रधान लोटे शेरिंग स्वतः शस्त्रक्रिया करणारे. आत साथ शिरली तर आवरणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. माणसं थांबवली, पण मालाच्या गाड्या फाटकावर उतरवून घ्यायची सोय करून व्यापार चालू ठेवला. भारतानं दिलेले साडेपाच लाख डोस त्यांनी एकदम साठवून ठेवले आणि २७ मार्च २०२१ पासून दोनेक आठवड्यांत ८५ टक्क्यांहून जास्त प्रौढांना पहिला डोस दिला. दुसरा आपल्याकडून येईना तेव्हा अमेरिकेकडून मॉडर्नाचे ५ लाख आणि डेन्मार्ककडून अडीच लाख डोस मिळवले, जुलैमध्ये काम संपवलं, आणि वर नेपाळला उसने दिले. जयगावच्या दुकानदारांचं नुकसान खरं आहे, त्यांना भरपाई मिळायला हवी होती असं माझं मत आहे.

आणि पाकिस्तानबद्दल एक. सार्कच्या पडद्यावर दोघांचं जमलं नाही. पण ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं जागतिक व्यापार संघटनेत लशींवरचे पेटंट हक्क तात्पुरते बाजूला ठेवा असा प्रस्ताव मांडला, त्याच्या सहप्रस्तावकांत पुढे पाकिस्तानही होता, मालदीवही. व्यापार संघटनेच्या जिनिव्हात जमलं ते सार्क सचिवालयाच्या काठमांडूत का जमू नये?

---

चांगी_ते_चाकण

कारण जिनिव्हात समोर श्रीमंत देश होते. सार्कमध्ये एकमेकांच्या समोर आपणच असतो.

---

डॉ. केवडा

मग पुढच्या वेळचं बोलू. २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेनं महासाथ करार मंजूर केला. त्यात असं आहे की यात सामील होणाऱ्या लस आणि औषध उत्पादकांनी साथीच्या काळात आपल्या चालू उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, आणि त्यात उत्पादनाचे निदान १० टक्के देणगी म्हणून. विषाणूचे नमुने कोणी कोणाला द्यायचे आणि बदल्यात काय मिळणार, हा भाग वेगळ्या परिशिष्टावर सोपवला. जगातल्या लशींचा मोठा हिस्सा आपल्या शहरात बनतो, म्हणजे तो २० टक्क्यांचा आकडा दुसऱ्या कुठल्याही शहरापेक्षा पुण्याला जास्त लागू पडणार.

मला वाटतं दक्षिण आशियानं आपल्यापुरतं याच्या पुढे जावं. शिखर परिषदेची वाट बघू नये. आठ देशांच्या आरोग्य सचिवांनी तीनच गोष्टी लिहून ठेवाव्यात. ज्याला पहिला डोस दिला त्याचा दुसरा राखीव. निर्यात थांबवायची तर इतके आठवडे आधी कळवायचं. आणि सीमेवर अडकलेल्यांना ज्या बाजूला आहेत त्या बाजूनं जेवण आणि छप्पर द्यायचं.

---

रानजाई

तिसरी गोष्ट पहिली लिहा, डॉक्टर.

---

पेठेतला

२० टक्के आधीच ठरलेले असतील आणि ते साथ यायच्या आधी लोकांना सांगितलेले असतील, तर मी वाद घालणार नाही. माझा राग त्या फाटकावरच्या कागदाचा होता, ज्यावर लस कुठे गेली आणि कधी येणार यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. ढाक्यालाही कोणी सांगितलं नाही, मलाही नाही. तेव्हा डॉक्टरांच्या यादीत चौथी गोष्ट घाला: उरलेले ८० टक्के कुठल्या जिल्ह्यात किती गेले, ते रोजच्या रोज जाहीर करायचं.